जन्मपाप : बाळाच्या वाट्याला नेमकं काय येतं? (बाप्तिस्म्याच्या तयारीवर्गासाठी मदत हवी)

मलप्रभाकाठ :
खानापूर तालुक्यातल्या एका चर्चमध्ये बाप्तिस्म्याआधी आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता यांचा एक तासाचा वर्ग असतो. बसणारी माणसं सगळी एका घडणीची नसतात. कुणाची आई मेथडिस्ट, कुणाची आजी मराठा घरातली, कुणी पेंटेकोस्टल प्रार्थनेला जाऊन आलेलं. घरात कोंकणी, बाहेर मराठी, पोरांची शाळा कन्नड. तीन प्रश्न मात्र हटकून येतात. एक, चार दिवसांच्या बाळानं कसलं पाप केलंय? दोन, बाप्तिस्म्याआधीच बाळ गेलं तर त्याचं काय? तीन, आजा-पणज्याचं पाप नातवाला भोवतं का? तिन्हींची उत्तरं प्रत्येक चर्चच्या शिकवणुकीप्रमाणे नेमकी हवीत. ‘देवाची इच्छा’ म्हणून वेळ मारून नेलेली नकोत.

कॅम्प_रोड :
कॅथलिक बाजू मी मांडतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद ४०४ आणि ४०५ वर्गाला जाताना सोबतच ठेवा. तिथे स्पष्ट म्हटलंय की आदिपापाला (म्हणजेच जन्मपापाला) ‘पाप’ म्हणतात ते वेगळ्या अर्थानं. ते केलेलं पाप नाही, वाट्याला आलेली अवस्था आहे. आदामाच्या कुठल्याही वंशजाच्या बाबतीत ते त्याचा वैयक्तिक अपराध ठरत नाही. आदाम-एवेला देवाशी जी जवळीक आणि पावित्र्य लाभलं होतं, ते नसणं म्हणजे आदिपाप. माणसाचा स्वभाव घायाळ झालाय, पार कुजलेला नाही.

वर्गात सांगायला एक दाखला देतो. आजोबांनी शेत घालवलं. नातू चोर नाही, त्यानं काही विकलेलं नाही, कोर्टात त्याच्यावर खटलाही नाही. पण तो जन्मतो तोच भूमिहीन. उताऱ्यावर त्याचं नाव नाही. बाप्तिस्म्यात ख्रिस्त ते नाव परत चढवतो.

एवढं नीट सांगितलं तर पहिल्या प्रश्नाची धार निम्मी जाते. बाळाला कुणी गुन्हेगार म्हणत नाही, हे आईच्या कानावर आधी पडू दे.

घटप्रभा :
दाखला चांगला आहे, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो हे वर्गात बोला. शेत गेलं म्हणून नातवाचा हात वाईटाकडे ओढला जात नाही. आदिपापात ती ओढही येते. ट्रेंट परिषदेनं, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सोळाव्या शतकातल्या महासभेनं, १७ जून १५४६ च्या पाचव्या सत्रात यावर निर्णय दिला. आदामाचं पाप नक्कल करून नव्हे, वंशपरंपरेनं पसरतं. बाप्तिस्म्यानं ते खरोखर पुसलं जातं, नुसतं झाकलं जात नाही. वाईटाकडची ओढ, म्हणजे वासना, बाप्तिस्म्यानंतरही उरते, पण ती स्वतः पाप नाही. माणूस तिला होकार देतो तेव्हा पाप घडतं.

‘बाप्तिस्मा झाला तरी पोरगं खोटं बोलतंय, मग काय उपयोग?’ असं विचारणाऱ्या आईला उत्तर इथे सापडतं. हा भाग गाळू नका.

प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरचं मत इथेच वेगळं होतं. त्याच्या मते उरलेली ओढसुद्धा खरं पापच; फक्त देव ती विश्वासणाऱ्याच्या खाती धरत नाही. म्हणून माणूस एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातलं (लूथरन चर्चच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातलं) दुसरं कलम याच विषयावर आहे.

निपाणी_नाका :
थांबा की. ट्रेंटमध्ये तर ‘आदिपापाचा दोष बाप्तिस्म्यानं माफ होतो’ असंच म्हटलंय. दोष माफ होतो म्हणजे आधी तो होता. मग ‘वैयक्तिक अपराध नाही’ हे कसं जुळतं? चांगला प्रश्न विचारणारा एखादा पाळक वर्गात बसला तर अडचण होईल.

घटप्रभा :
प्रश्न रास्त आहे. ‘दोष’ दोन प्रकारे समजता येतो. एक, मी केलेल्या कृत्याचा ठपका. दुसरा, देवापासून तुटलेल्या स्थितीत असणं आणि त्या स्थितीचे परिणाम माझ्यावर असणं. बाळाकडे पहिला नाही, दुसरा आहे, आणि बाप्तिस्म्यात माफ होतो तो हाच.

हा विचार कसा घडला तेही सांगायला हवं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याच्या काळी, चौथ्या-पाचव्या शतकात, चर्च लहान बाळांना बाप्तिस्मा देतच होतं, आणि तोही ‘पापांच्या क्षमेसाठी’. बाळानं स्वतः काही केलेलं नाही. मग क्षमा कशाची? ऑगस्टिन म्हणाला, आदामात सगळी मानवजात होती, त्याच्यात सर्वांनीच पाप केलं. रोमकरांस पत्र ५:१२ चा जो लॅटिन पाठ त्याच्यासमोर होता तोही याच अर्थाकडे नेणारा होता. त्याच काळातल्या पेलागियस या संन्याशाचं म्हणणं वेगळं : आदामानं वाईट उदाहरण घालून दिलं, पण माणूस मनात आणलं तर पाप टाळू शकतो. ४१८ च्या कार्थेज परिषदेनं पेलागियसचा पक्ष फेटाळला आणि ४३१ मध्ये एफेसस परिषदेनं त्याचे अनुयायी नाकारले.

ऑगस्टिन मात्र इथेच थांबला नाही. बाप्तिस्मा न झालेली बाळं दंडालाच जातात, फार सौम्य का असेना, असं त्यानं लिहिलं. चर्चनं त्याचा सगळा युक्तिवाद जसाच्या तसा कधी उचलला नाही. ५२९ च्या ऑरेंज परिषदेनं ‘कृपा आधी, माणसाचा प्रतिसाद नंतर’ हे घेतलं, पण देव कुणाला वाईटासाठी नेमून ठेवतो ही कल्पना स्पष्ट शब्दांत धिक्कारली.

बेळगाव_मेथडिस्ट :
आमच्या बाजूचं लिहितो, कारण मिश्र घरांत गोंधळ इथेच होतो. लंडन मिशननं १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केलं, पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. मेथडिस्ट चर्चची धर्मकलमं आमच्या चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली यानं १७८४ मध्ये अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) ३९ कलमांतून छाटून तयार केली. आदिपापाचं अँग्लिकन कलम नववं. त्यात ‘जगात जन्मणाऱ्या प्रत्येक माणसात हे पाप देवाच्या क्रोधाला आणि दंडाला पात्र आहे’ असं वाक्य आहे. वेस्लीनं ते वाक्यच काढून टाकलं. आमच्या सातव्या कलमात उरलं ते एवढंच : स्वभाव बिघडलेला आहे, माणूस मूळच्या नीतिमत्तेपासून फार दूर गेलाय आणि सतत वाईटाकडे कललेला आहे.

वेस्ली बिघाड सौम्य मानत नव्हता. आदिपापावर त्यानं १७५७ मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. पण १७७६ च्या एका पत्रात तो स्वच्छ म्हणतो की आदामाच्या दोषापायी एकही बाळ नरकात गेलं नाही आणि जाणारही नाही. बाळ जगात येताच ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वानं तो दोष रद्द होतो. उरतो तो बिघाड. त्यावर देवाची अगोदर येणारी कृपा काम करते, मग पश्चात्ताप, विश्वास, नवा जन्म आणि पवित्रीकरण.

म्हणून आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होतो तो ‘नाहीतर नरकात जाईल’ या भीतीनं नव्हे. कराराची खूण म्हणून आणि देवाच्या कृपेवर भरवसा ठेवून होतो. मेथडिस्ट आई तुमच्या वर्गात ‘आमच्यात असं शिकवत नाहीत’ म्हणाली तर ती चुकीचं बोलत नाही.

हुक्केरी_मंडळी :
ब्रदरन, बाप्तिस्ट आणि बऱ्याच पेंटेकोस्टल मंडळ्यांत बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. समर्पणाची प्रार्थना करतात. पापी स्वभाव वारशात येतो हे आम्हीही मानतो (स्तोत्र ५१:५, इफिसकरांस पत्र २:३). पण समज आल्याशिवाय देव मुलाला जबाबदार धरत नाही, असा बहुतेकांचा विश्वास. २ शमुवेल १२:२३ मध्ये दावीद गेलेल्या बाळाबद्दल ‘मी त्याच्याकडे जाईन’ म्हणतो, तो आधार सांगितला जातो.

इथे होणारी एक चूक मोठी आहे. समजेचं वय बायबलमध्ये कुठेही दिलेलं नाही. तरी काही ठिकाणी बारा वर्षं हा आकडा ठरवून टाकतात आणि पोराला वाढदिवसाआधी ‘निर्णय घे’ म्हणून घाई करतात. भीतीपोटी घेतलेला तो निर्णय कॉलेजात गेल्यावर टिकत नाही. पोराला पापाची जाणीव स्वतःहून होते का, क्षमा मागणं म्हणजे काय हे त्याच्या शब्दांत सांगता येतं का, एवढं बघावं.

मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) वेगळं. त्यांच्या अकरा सिद्धांतांपैकी पाचवा पतनाबद्दल आहे आणि फार कडक आहे, पण ते पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत.

कॅम्प_रोड :
यातून थेट व्यवहारातली गोष्ट निघते. कॅथलिक चर्च मेथडिस्ट आणि सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मधला बाप्तिस्मा ग्राह्य धरतं, कारण पाणी आहे आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावानं आहे. म्हणून तिथून आलेल्याला पुन्हा पाणी देत नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला तेवढा मागतात. मुक्तिफौजेतून आलेल्याला बाप्तिस्मा द्यावा लागतो. ‘फक्त येशूच्या नावानं’ देणाऱ्या मंडळीतून आलेला असेल तर तोही कॅथलिक चर्चमध्ये ग्राह्य नाही.

धर्मपिता-धर्ममातेचं : किमान एक जण कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा ‘कन्फर्मेशन’ संस्कार) झालेला आणि साधारणपणे सोळा पूर्ण असावा. बाळाचे आईवडील स्वतः चालत नाहीत. मेथडिस्ट मामाला त्याच्या शेजारी साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. मामा हिंदू असेल तर तो कुटुंबाचा म्हणून मायेनं जवळ उभा राहील, पण नोंद त्याच्या नावानं होत नाही. हे वर्गातच सांगा. आयत्या दिवशी चर्चच्या दारात सांगितलं की नाती दुखावतात.

हिरण्यकेशी :
तिसऱ्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचंय. या भागात सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतंय.

आपल्याकडे ‘पाप वारशात येतं’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी आधीपासून तयार असतात : मागच्या जन्मीचं कर्म आणि पितृदोष. आदिपाप या दोन्हींपैकी काहीच नाही. कर्मात भोग स्वतःच्याच मागल्या करणीचा. ख्रिस्ती शिकवणुकीत मागचा जन्मच नाही. पितृदोषात अमुक पूर्वजाचं अमुक राहिलेलं कर्तव्य असतं आणि ते त्याच घराला लागतं; आदिपाप सगळ्या मानवजातीला सारखं, पाटलाच्या घरात कमी आणि मजुराच्या घरात जास्त असं नसतं. मराठा आजी वर्गात बसली असेल तर तिच्या श्रद्धेला नावं न ठेवता हा फरक सांगता येतो.

आता प्रार्थनासभांत ‘पिढ्यांचे शाप तोडणं’ चालतं. कुटुंबाची वंशावळ कागदावर काढायची, कोण दारूत गेलं, कुणी जीव दिला, कुणाला मूल नाही ते लिहायचं, मग प्रत्येकाच्या नावानं शाप तोडायचा. आधार म्हणून निर्गम २०:५ वाचतात : वडिलांच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. पण पुढचं सहावं वचन कुणी वाचत नाही. त्यात प्रेम करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया आहे. पाचव्या वचनातही ‘माझा द्वेष करणाऱ्यांच्या’ असं आहेच. अनुवाद २४:१६ सांगतं, बापासाठी मुलाला मारू नये. यहेज्केल १८ हा अख्खा अध्याय याच गैरसमजावर आहे आणि विसावं वचन तर निर्णायक आहे : मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो.

मूल नसलेल्या बाईला ‘तुझ्या सासऱ्याच्या बापाचा शाप आहे’ सांगणं म्हणजे तिच्या दुःखावर खोट्या दोषाचं ओझं घालणं. स्पेनच्या बिशप परिषदेच्या श्रद्धाविषयक आयोगानं २०२४ मध्ये ‘वंशवृक्ष बरा करण्या’च्या अशा प्रार्थनांविरुद्ध निवेदन काढलं. मुद्दा हाच की पाप नेहमी वैयक्तिक असतं, एकाचं दुसऱ्यावर जात नाही. वारशात येणारं एकच, आदिपाप, आणि त्यावर बाप्तिस्मा आहे. बाप्तिस्म्यानंतरही पणज्याचं पाप चिकटून राहतं म्हणायचं, तर बाप्तिस्म्यानं केलं काय?

घरातल्या दारूचा परिणाम पोरावर होतो हे खरंच आहे. तो सवयीचा, कर्जाचा, मारहाणीचा परिणाम आहे. त्यावर उपचार, समुपदेशन, पाप आपलं असेल तर कबुली. शाप तोडण्याच्या नादात डॉक्टरकडे जायचं लांबतं.

निपाणी_नाका :
हिरण्यकेशी, हे छापून वाटण्यासारखं आहे. एक जोड देतो : बेळगावात नोकरी-शिक्षणासाठी आलेली केरळची ऑर्थोडॉक्स माणसं विचारतात तेव्हा कळतं की पूर्वेकडच्या चर्चनं वारशानं येणाऱ्या दोषाची भाषा फारशी वापरलेलीच नाही. तिथे भर मरणावर : आदामामुळे मरण आलं, मरणाच्या भयातून माणूस पाप करतो, ख्रिस्त मरणावर विजय मिळवतो. तरी बाळाचा बाप्तिस्मा तेही देतात.

मलप्रभाकाठ :
सर्वांचे आभार. दुसरा प्रश्न राहिला. त्यातच हॉस्पिटलमध्ये तातडीनं बाप्तिस्मा कसा द्यायचा हेही विचारतात. काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ असतं, फादर यायला वेळ लागतो.

कॅम्प_रोड :
जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्स हिंदू असली तरी. चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा आणि कृती बरोबर हवी. आईवडिलांना विचारूनच करायचं.

पाणी साधं, स्वच्छ. वॉर्डात डिस्टिल्ड वॉटर असतं ते चालतं. दूध, गुलाबपाणी, सलाईन नको. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये चार-पाच मिली घेतलं तरी पुरतं, मात्र डॉक्टर-नर्सला आधी विचारा, कारण कमी वजनाचं बाळ थोड्या गारव्यानंही गारठतं. पाणी अंगाच्या तापमानाचं करून घ्या. कपाळावर तीन वेळा थोडं थोडं सोडायचं आणि त्याच वेळी, त्याच माणसानं म्हणायचं : ‘(नाव), मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो.’ बाईनं दिला तर ‘देते’.

चुका ठरलेल्या आहेत. एक जण पाणी घालतो आणि दुसरा शब्द म्हणतो, ते चालत नाही. ओल्या बोटानं नुसता क्रूस काढला तर पाणी वाहत नाही, संशय राहतो. पाणी टोपडीवर पडतं, कातडीला लागतच नाही. कुणी प्रेमानं ‘आम्ही सगळे तुला बाप्तिस्मा देतो’ म्हणतं. ऑगस्ट २०२० मध्ये रोमनं जाहीर केलं की ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, ‘मी’च हवं. नळ्यांमुळे डोक्यावर जागाच नसेल तर छातीवर घाला आणि तसंच फादरना सांगा. बाळ जिवंत आहे की नाही अशी शंका असेल तर आधी ‘तू जिवंत असशील तर’ जोडायचं. गेलेलं नक्की असेल तर बाप्तिस्मा देत नाहीत. संस्कार जिवंतांसाठी असतात. तिथे प्रार्थना करावी, आईला बाळ हातात घेऊ द्यावं.

बाळ वाचलं तर पुढे चर्चमध्ये तेलाचा अभिषेक, पांढरं वस्त्र, मेणबत्ती हे राहिलेले विधी होतात. पाणी पुन्हा नाही.

घटप्रभा :
बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाबद्दल : ‘लिंबो’, म्हणजे अशी बाळं स्वर्गातही नाहीत आणि दंडातही नाहीत अशी अवस्था, ही मध्ययुगीन धर्मपंडितांची मांडणी होती, श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १२६१ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं ही बाळं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं. खात्री म्हटलेलं नाही, आशा म्हटलंय. वर्गात शब्द तोच ठेवा. चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) ११८३ प्रमाणे आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा विचार होता तर बिशपांच्या परवानगीनं चर्चमधून अंत्यविधी होतो. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं, आणि बाळाला गुपचूप कुठेतरी पुरतात. फादरना त्याच दिवशी विचारा.

बेळगाव_मेथडिस्ट :
वर्गाची सुरुवात आदामापासून करू नका, असं माझं ठाम मत आहे. रोमकरांस पत्र ५ मध्ये पौलाचा भर ‘किती तरी अधिक’ या शब्दांवर आहे : एकाच्या अपराधानं मरण आलं, पण एकाच्या कृपेनं त्याहून किती तरी अधिक आलं. आधी १५ ते १९ वचनं वाचा, मग बाराव्यावर या. तारणाच्या बाबतीत आपण फार लांबही नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला कॅथलिक आणि लूथरन चर्चनी नीतिमान ठरवलं जाण्याबद्दल संयुक्त घोषणा केली आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेनं तिला संमती दिली. तारण कृपेनंच, आपल्या कर्तृत्वानं नाही, आणि तीच कृपा सत्कृत्यं घडवते, हे तिघांनी एकत्र म्हटलंय. मिश्र घरातल्या नवराबायकोला हे ऐकून बरं वाटतं.

हिरण्यकेशी :
आणि विधीच वर्गाचा धडा करा. कॅथलिक विधीत पाण्याआधीची प्रार्थना ‘आदिपापातून मुक्त कर’ असं स्पष्ट म्हणते, मग छातीला तेल. नंतर सैतानाचा नकार आणि विश्वासाची कबुली. ती आईवडील आणि धर्ममातापिता स्वतःच्या तोंडानं देतात, म्हणून त्यांना ती आधी घरी वाचायला द्या. मग पाणी, टाळूवर क्रिस्म नावाचं पवित्र तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती. एकेक वस्तू टेबलावर ठेवून ‘हे कशासाठी’ विचारलं की तासाभरात आदिपाप, क्षमा आणि नवा जन्म तिन्ही येतात. ‘ख्रिस्तपुराणा’तही (१६१६) फादर स्टीफन्सनं पहिल्या भागात आदाम-एवेची कथा मराठी ओव्यांत सांगितलीय, घरातली वडीलधारी मंडळी ओवीला पटकन ओळखतात, चार ओव्या वाचल्या तरी चालेल.

मलप्रभाकाठ :
सगळं उतरवून घेतलं. तातडीच्या बाप्तिस्म्याची नोंद कुठे करायची?

कॅम्प_रोड :
ज्या पॅरिशच्या हद्दीत हॉस्पिटल आहे तिथल्या फादरना कळवायचं, म्हणजे बेळगावच्या हॉस्पिटलात झाला तर खानापूरला नाही. कागदावर लगेच लिहा : बाळाचं नाव, आईवडिलांची नावं, जन्माची तारीख आणि ठिकाण, बाप्तिस्म्याची तारीख, वेळ, ठिकाण, कुणी दिला, शब्द काय म्हटले, पाणी कुठे घातलं. शेजारी एक साक्षीदार हवा. वॉर्डातली नर्ससुद्धा चालते. तिची सही घ्या. साक्षीदाराअभावी नोंद अडली तर लग्नाच्या वेळी दाखल्यासाठी त्रास होतो.